खांबांपलीकडचा चिमा

१

फेब्रुवारी लागला की तिस्वाहीनच्या अंगात वारं शिरायचं. पन्नाशी उलटलेली बाई, एरवी गुडघे दुखतात म्हणून वर्षभर कुरकुरणारी. पण चिम्याचे दिवस आले की तीच सगळ्यांच्या आधी उठून, फजरची नमाज उरकून, लोखंडी सळई कमरेला खोचून दारात हजर! चिमा म्हणजे वाळवंटाच्या पोटातली अळंबी. बटाट्याएवढा गोळा, ना पान ना देठ. हिवाळ्याच्या तोंडावर विजा कडाडून पाऊस झाला तर तो जमिनीखाली धरतो, आणि वर दिसतो फक्त एक फुगवटा आणि त्याला पडलेली केसभर भेग. ती भेगसुद्धा ऊन तिरपं असेपर्यंतच दिसते. म्हणून सगळी घाई.

त्या दिवशी तर तिची घाई विचारूच नका.

"वहिनी, जरा दमानं!" मागून खजना ओरडली. खजना म्हणजे तिची नणंद, जिभेला हाड नसलेली. "चिमा काय पळून जातोय होय?"

"चिमा नाही, ऊन पळतंय. उचल पाय!"

खजनाचा नवरा लाफ्ता त्यांना पिकअपमधून सोडायला आला होता आणि गाडी थांबताच आतच घोरायला लागला होता. दोघी पुढं निघाल्या. झुबैरच्या बाजूचं हे माळरान दोघींच्या पायाखालचं. पण दोन तास झाले तरी पिशवीत चार चिमे, तेही लिंबाएवढे. यंदा पाऊस चांगला झाला तशी माणसंही फार आली होती. जिकडे बघावं तिकडे उकरून बुजवलेले खड्डे.

"चार चिम्यांत काय होणार गं," तिस्वाहीन रडकुंडीला आली. "दुपारी ते लोक येतायत."

ते लोक म्हणजे नासिरियाचे. तिच्या रबाबला मागणी घालायला येणार होते. रबाब चोवीस वर्षांची, देखणी, हातात शिवणकाम असं की बसऱ्याच्या बायका कापड घेऊन येतात. तरी दोन स्थळं आली, जेवली, कॉफीचे फिंजान, म्हणजे इवले पेले, निमूट रिकामे केले आणि गेली. आता, मागणी घालायला आलेला माणूस कॉफी निमूट पीत नाही. तो फिंजान खाली ठेवतो आणि म्हणतो, आधी आमचं मागणं मान्य करा, मग पिऊ. या दोन्ही वेळी कुणी फिंजान खाली ठेवलाच नाही. चासिबने, रबाबच्या बापाने, दुसऱ्या वेळी आठवडाभर घराबाहेर तोंड दाखवलं नव्हतं.

आणि कारण सगळ्यांना ठाऊक होतं. कारण गावाच्या पूर्वेला, लाल टोकांच्या खांबांपलीकडे उभं होतं.

२

एक्क्याण्णवच्या आखाती लढाईत तिथं तीसेक रणगाडे जळाले. बरीच वर्षं पोरं त्यांच्यावर चढून खेळली, माणसांनी पत्रे काढून नेले. मग एक दिवस पांढरे झगे घातलेली माणसं टिकटिक करणारं यंत्र घेऊन आली. त्यांनी लाल टोकांचे खांब रोवले, पिवळ्या पाट्या लावल्या आणि गाव गोळा करून सांगितलं, की हे रणगाडे युरेनियमच्या गोळ्यांनी फोडलेत. कस काढून घेतलेलं युरेनियम. शिशापेक्षाही जड. ते जळतं तेव्हा त्याची बारीक धूळ होते. ती नाकात जाऊ देऊ नका, तिथलं लोखंड घरी नेऊ नका, तिथलं काही खाऊ नका.

"कस काढून घेतलेलं म्हणजे आमच्या लाफ्तासारखं का?" असं खजनाने भर सभेत विचारलं होतं, आणि अख्खं गाव हसलं होतं.

पण त्यानंतर गावात कुणाच्या किडन्या गेल्या, कुणाचा गर्भ पडला, की बातमी नासिरियापर्यंत. त्या धुळीमुळेच का, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगेनात. पण सोयरीक जुळवताना लोक डॉक्टरला विचारायला थोडेच जातात! त्या गावची मुलगी नको, बस्स.

या वेळची मुलाची आई मात्र वेगळी निघाली. उम्म झाहिर, म्हणजे झाहिरची आई, याच नावाने सगळे तिला ओळखायचे. रबाब तिला फार आवडली होती. तिने फोनवर सांगितलं होतं, "बाई, आमच्या जावा-नणंदा फार बोलतात. मी त्यांना सगळ्यांना घेऊनच येते. तू तुमच्या मातीतला चिमा वाढ. मी सगळ्यांसमोर पोटभर खाते, मग बघू कोण तोंड उघडतं ते!"

म्हणून चिमा हवा होता. चार नाही, परातभर.

खजना पश्चिमेच्या ओढ्याकडे वळली तशी तिस्वाहीन एकटीच पूर्वेला सरकली. आपण फक्त खांबांच्या कडेकडेने जातोय, असं ती स्वतःला सांगत होती. खांब बरेचसे पडले होते, पाट्या तर बकऱ्यांच्या गोठ्यांवर जाऊन बसल्या होत्या. नेमकी हद्द कुठं हे तरी कोण सांगणार? असं म्हणत म्हणत ती पहिल्या रणगाड्याच्या सावलीपाशी पोचली, आणि थबकली.

फुगवटे! भेगाळलेले, फुगलेले, तिरप्या उन्हात लख्ख दिसणारे. एक नाही, दोन नाही, पार पलीकडच्या रणगाड्यापर्यंत.

"या अल्ला," ती मोठ्यांदा म्हणाली आणि गुडघ्यांवर बसली. गुडघे दुखले नाहीत.

एकच गोष्ट तिला खटकली. चिमा कधी ओळीने उगवत नाही. इथं एक, तिथं तीन, असा विखुरलेला असतो. हे फुगवटे सरळ रांगेत होते, दोन फुगवट्यांत बरोबर दोन वितींचं अंतर. मग तिला सुचलं, की रणगाड्याच्या पट्ट्यांनी जमीन दाबली असेल, त्या चाकोरीत पाणी साचलं असेल. म्हणून रांग. सोपं आहे. तिने सळई खुपसली.

३

पहिलाच चिमा मुठीएवढा निघाला. पांढरा, गोल, झुबैदी जातीचा, पहिल्या पावसाच्या वासाचा! तिला नाचावंसं वाटलं. तिने तो पिशवीत टाकला आणि सवयीने खड्डा बुजवला. हे तिच्या आईने शिकवलेलं. उकरलेली माती परत लोटायची, वर तळहाताने थापायची, तर पुढच्या वर्षी पुन्हा धरतो. उकरायचं, काढायचं, बुजवायचं, थापायचं, पुढं सरकायचं. अकरा झाले तेव्हा ती रांगेच्या टोकाला होती, आणि पाठ मोकळी करायला म्हणून उभी राहून तिने मागं बघितलं.

अकराच्या अकरा जागा पुन्हा फुगल्या होत्या.

थापलेली माती वर आली होती, तिच्या पंजाचा ठसासुद्धा अजून तिच्यावर होता, आणि त्या ठशाच्या मधोमध भेग गेली होती.

वारा नव्हता. रणगाड्याच्या उघड्या तोंडात बसलेला चंडोल मघापासून ओरडत होता, तो गप्प झाला. ओली माती, सैल थापली असेल मी, ती मनात म्हणाली. ऊन तापलं की माती फुगतेच. फुगते ना? चाळीस वर्षांत फुगलेली पाहिली नव्हती, पण चाळीस वर्षांत खांबांच्या आतही आली नव्हती. असं असेल. तसं असेल.

खरं सांगायचं तर तेव्हाच तिने निघायला हवं होतं. पण परातभर लागत होता, आणि तिच्याकडे होते पंधरा. ती परत पहिल्या जागेवर आली आणि तिने सळई खुपसली. आत होता! तसाच, पहिल्यापेक्षा मोठा. एका खड्ड्यातून एका हंगामात दोनदा चिमा काढल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. भीतीने की आनंदाने कोण जाणे, तिला हसूच फुटलं. मग ती वेड्यासारखी उकरत सुटली. दुसरी जागा, तिसरी, चौथी. सळई टाकून तिने हातच घातले. चिमे जड लागत होते, आधीच्यांपेक्षा खूपच जड. मातीत पाणी आहे तर फळातही असणारच, असं म्हणत तिने तेही पिशवीत घातले.

अकराव्या जागी चिमा वर नव्हता. तिने हात कोपरापर्यंत आत घातला. सकाळची वाळू बर्फासारखी गार असते, खाली तर जास्तच. ही खाली ऊबदार होती. बोटं चाचपडत होती, काही लागत नव्हतं, ती हात मागं घेणार एवढ्यात तळहातावर काहीतरी आलं.

तिने तो चिमा धरला नव्हता. तिचा तळहात वर होता, उघडा होता, आणि कुणी प्रसाद ठेवावा तसा तो तिच्या तळहातावर ठेवला गेला. मग तिची बोटं मिटवली गेली. एकेक करून.

तिने हात खेचून काढला. चिमा मुठीत होता. कडेची वाळू घसरली, त्या वाळूनेच बोटं दाबली गेली, दुसरं काय असणार! तिने पिशवी पाठीवर मारली आणि मागं न बघता चालायला लागली. हा एक खड्डा मात्र तिने बुजवला नाही.

४

"अगंबाई!" पिशवी बघून खजनाचे डोळे विस्फारले. "कुठं मिळाले एवढे?"

"ओढ्याच्या वरच्या अंगाला."

"मी तिथूनच आले की."

"मग तुला दिसले नाहीत. वय झालं तुझं."

खजनाने पिशवी उचलायला हात घातला आणि तशीच वाकलेली राहिली. शेवटी लाफ्ता डोळे चोळत खाली उतरला, दोघांनी मिळून ती गाडीत टाकली, तेव्हा गाडीचं मागचं अंग चांगलंच दबलं. "दगड भरलेत का वहिनी?" लाफ्ता म्हणाला. वाटेत तो दोनदा उतरून चाकं बघून आला.

घरी नुसती धांदल. चासिब अंगणात शेजाऱ्यांबरोबर मेंढ्याच्या मटणाच्या देगेशी होता. रबाब धावत बाहेर आली, पिशवीत डोकावली आणि आईच्या गळ्यात पडली. "यूमा! एवढे! तू जादूगार आहेस!" महिनाभर ती त्या झाहिरशी चोरून फोनवर बोलत होती. आईला ते ठाऊक होतं, आणि आईला ठाऊक आहे हे रबाबलाही ठाऊक होतं. "तू जा, अंघोळ कर. मी सोलते, मी शिजवते. त्यांना माझ्या हातचं खाऊ दे."

तिस्वाहीन न्हाणीत गेली. हात धुताना तिला नखांत पिवळं दिसलं. माती नव्हे, चक्क लिंबाच्या सालीसारखं पिवळं. तिने साबण लावला, दगडाने घासलं. बोटं लाल झाली, पिवळं तसंच राहिलं.

५

नासिरियाच्या गाड्या दुपारी एकला आल्या. पुरुष दिवाणखान्यात गेले, बायका आतल्या खोलीत. उम्म झाहिर भरदार, हसरी, आल्या आल्या तिस्वाहीनचे दोन्ही गाल चुंबून म्हणाली, "वास येतोय गं चिम्याचा! सकाळपासून पोटात काही घातलं नाही मी." मग तिने तिचा हात हातात घेतला. "नखं कशी पिवळी झालीत? हळद का?"

"हळद," तिस्वाहीन म्हणाली.

मागं सहा जावा-नणंदा रांगेने बसल्या होत्या. सगळ्या चिम्याची वाट बघत होत्या.

तिस्वाहीन स्वयंपाकघरात आली तेव्हा रबाब कपडे बदलायला गेली होती आणि खजना एकटीच चुलीसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. गॅस बंद होता.

"वहिनी, हे पातेलं चिकटलंय."

"कशाला चिकटेल?"

दोघींनी दोन बाजूंनी कान धरले. पातेलं जागचं हललं नाही. रोजचं पातेलं, रोज एका हाताने उतरवलं जाणारं! तेव्हा तिस्वाहीनला दिसलं, की चुलीच्या लोखंडी घोडीचे पाय बाहेरच्या बाजूला वाकलेत आणि खालच्या फरशीला तडा गेलाय.

"खजना, तू बाहेर जा."

"का?"

"जा म्हणते ना!"

खजना गेली. खोली शांत झाली, आणि मग तो आवाज ऐकू आला. गॅस बंद करून बराच वेळ झाला होता तरी पातेल्यात हलकी टकटक होत होती. तळाशी नाही, झाकणाच्या आतून. एक, थोडा वेळ, एक, थोडा वेळ. उकळल्याचा असेल, ती म्हणाली. पाणी निवतंय. झाकण आवळतंय. तिने ओढणीच्या टोकाने झाकण धरलं आणि वर उचललं.

तिने पंचवीसेक आणले होते. पातेल्यात त्याच्या दुप्पट होते, पार काठोकाठ. आणि सगळे चिमे, पाण्यात कसेही पडलेले असायला हवे होते ते, सरळ रांगांत उभे होते. मधल्या एकाला भेग होती. ती भेग तिच्या डोळ्यांदेखत थोडी रुंद झाली आणि आत काहीतरी होतं, आणि तेही वर बघत होतं, किंवा तिला तसं वाटलं. तिने झाकण आदळलं.

भिंतीला टेकून ती उभी राहिली. दिवाणखान्यातून पुरुषांचं हसणं ऐकू येत होतं. आत सहा बायका बसल्या होत्या. चिमा वाढला तर उम्म झाहिर सगळ्यांसमोर तो खाणार, फिंजान खाली ठेवला जाणार, रबाबचं घर वसणार. नाही वाढला तर हे तिसरं स्थळ, आणि चौथं येणार नाही. परातीत घ्यायचे वीसेक, एकेक करून. कुणाला काय कळणार होतं? तिचा हात झाऱ्याकडे गेलासुद्धा.

मग तिला उम्म झाहिरचं ते पोट आठवलं, सकाळपासून उपाशी ठेवलेलं. तिने झारा खिडकीतून बाहेर फेकला, दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली झग्याच्या गळ्यात टाकली.

६

"चिमा नाही," ती बायकांच्या खोलीत जाऊन म्हणाली.

"नाही म्हणजे?" मोठी जाऊ म्हणाली. "वास तर येतोय."

"शिजलाय. पण मी तो तुम्हाला वाढणार नाही." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "मी तो खांबांच्या आतून आणला. मिळत नव्हता कुठं, हाव सुटली मला. तो बरा नाहीये. माझ्या घरी तुम्ही मटण खा, भात खा. ते नको."

खजनाने कपाळावर हात मारला. दाराशी नव्या हिरव्या झग्यात उभी असलेली रबाब पांढरीफटक पडली. मोठ्या जावेने ओठ मुडपले, म्हणजे आता काय ते सांगायलाच नको.

आणि उम्म झाहिर हसायला लागली! मांडीवर थाप मारून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "ऐकलंत का गं? मुलीचं लग्न मोडायला निघाली बाई, पण पाहुण्याच्या पोटात वाईट जाऊ देईना! आणि तुम्ही म्हणे मातीची परीक्षा घेणार. अगं, मातीत काय बघायचंय, घर बघा!" तिने नातवाला बोलावलं. "जा, आजोबांना सांग, म्हणावं आजीने फिंजान खाली ठेवायला सांगितलाय."

दोन मिनिटं. भिंतीपलीकडे पुरुषांचे आवाज बंद झाले. मग चासिबचा आवाज, कापरा, आनंदाने चिरकलेला. मग सगळे मिळून सोयरीक पक्की झाल्याची फातिहा पढायला लागले, आणि आत बायकांनी जिभा हलवून अशी किलकारी दिली की छत उडायचं बाकी राहिलं. खजना तर रडतच होती. मोठी जाऊसुद्धा ओरडत होती. तिस्वाहीन खाली बसली. तिला वाटलं, सुटले. आयुष्यात इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

रबाब येऊन तिच्या शेजारी बसली आणि खांद्यावर डोकं ठेवलं. "यूमा, मी मरतच होते हं," ती कानात कुजबुजली. "पण कसली घाबरतेस तू! इतका मस्त झाला होता. मीठ बघायला म्हणून एक खाल्ला आणि राहवेचना. चांगले चार खाल्ले मी."

तिस्वाहीनने तिच्याकडे बघितलं.

"चल गं सूनबाई," उम्म झाहिर सोन्याची अंगठी काढून समोर बसली होती. "हात दे."

रबाबने मान खाली घातली. उजवा हात मांडीवर होता. तो तिथंच राहिला.

"दे ना!"

"लाजतेय!" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. "अगं, आमच्या वेळी आम्हीपण अशाच!"

हात वर येत नव्हता. तिस्वाहीनला लेकीच्या मानेची शीर ताठलेली दिसली, खांदा थरथरताना दिसला. मांडीवरचा हिरवा झगा त्या हाताखाली खोल रुतला होता. रबाबने दुसऱ्या हाताने तो उचलायला बघितला, आणि तोही हात मग तिथंच पडून राहिला. ती अजून हसत होती. हसता हसताच तिने आईकडे मान वळवली.

"यूमा," ती अगदी हळू म्हणाली, "उचलत नाहीये."

"बरं बाई, नको देऊस, मीच घालते," म्हणत उम्म झाहिर खाली वाकली आणि तिने त्या बोटात अंगठी सरकवली. "किती गं लाजते माझी सून!" पुन्हा किलकारी उठली. खजनाने तिस्वाहीनला दंडाला धरून उभं केलं. मुलीची आई गप्प कशी, असं सगळ्याजणी तिच्याकडे बघत होत्या. तिस्वाहीनने तोंड उघडलं आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने किलकारी दिली.